सिलिंडरची किल्ली कुठे आहे?

आपत्तीसाठी इस्पितळ व दवाखाना सज्ज कसा ठेवावा : एक अभ्यासपाठ

मृग लागण्यापूर्वी शहाणा शेतकरी काय करतो? नांगराचा फाळ लोहाराकडून शेवटून आणतो, जू-दोर तपासतो, बियाणे निवडून ठेवतो, घराची कौले परततो. पाऊस नेमका कोणत्या दिवशी येईल हे त्याला ठाऊक नसते. पण तो येणार हे ठाऊक असते. पहिली सर कोसळल्यावर फाळ शेवटायला निघणाऱ्याला गावात कोणी शेतकरी म्हणत नाही.

इस्पितळाचेही असेच आहे. अपघात, आग, पूर, भूकंप, विषबाधा यांतले कोणते संकट केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण कधी ना कधी एक रात्र अशी येते, की एरवी दोन रुग्ण येणाऱ्या दारात एकदम वीस जखमी येतात. त्या रात्री काय हाताशी असेल, हे त्या रात्री ठरत नाही. ते आधीच्या शेकडो साध्यासुध्या दिवसांत ठरलेले असते.

वाचकहो, असे समजा की रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. घाटाखालच्या एका गावात वीस खाटांचे लहानसे इस्पितळ आहे. कामावर एक डॉक्टर, दोन सिस्टर आणि एक वॉर्डबॉय. लग्नाच्या वऱ्हाडाचा टेंपो वळणावर उलटतो आणि अर्ध्या तासात चौदा जखमी दारात येतात. त्याच वेळी वीज जाते. एका तरुणाचा श्वास घरघरतो आहे, ओठ निळे पडू लागले आहेत. वॉर्डबॉय धावत जाऊन प्राणवायूचा सिलिंडर आणतो. सिलिंडर भरलेला आहे. पण तो उघडायची किल्ली कोठीत आहे, कोठीची चावी कारकुनाकडे आहे आणि कारकून गावी गेला आहे.

मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत त्याला इजा होऊ लागते. किल्ली शोधायला दहा मिनिटे लागली, तर भरलेला सिलिंडर आणि रिकामा सिलिंडर यांत त्या तरुणाच्या दृष्टीने फरक काय? साधन असणे वेगळे आणि साधन तयार असणे वेगळे. आजच्या पाठाचा गाभा एवढाच आहे.

१. आपत्ती कशाला म्हणावे?

आपत्ती म्हणजे फक्त भूकंप किंवा महापूर नव्हे. आलेल्या रुग्णांची गरज इस्पितळाच्या माणसांच्या व साधनांच्या ताकदीबाहेर गेली, की ती त्या इस्पितळापुरती आपत्तीच होय. शहरातील मोठ्या इस्पितळाला सहा जखमी म्हणजे कामाचा नेहमीचा दिवस; वीस खाटांच्या इस्पितळाला तेच सहा जखमी भारी पडू शकतात. म्हणून 'आपले इस्पितळ लहान, आपल्याला कसली योजना?' हे म्हणणे उलटे आहे. जितके इस्पितळ लहान, तितकी योजनेची गरज जास्त.

आपत्ती दोन तऱ्हांची असते. एक बाहेरची : अपघात, पूर, विषारी वायू, साथ. दुसरी आतली : इस्पितळातच आग लागणे, वीज जाणे, प्राणवायूचा पुरवठा तुटणे, इमारत कोसळणे. कधी दोन्ही एकदमच येतात.

२. घडलेल्या घटना काय सांगतात?

भोपाळ, १९८४ : २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री कीटकनाशकाच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. हमिदिया इस्पितळात हजारो माणसे आली. डोळे जळत होते, श्वास कोंडत होता. वायू कोणता आणि त्यावर उपाय काय, हे डॉक्टरांना सुरुवातीला नीट सांगणारे कोणी नव्हते. धडा असा, की आपल्या परिसरात कोणते कारखाने, कोणती गोदामे, कोणती रसायने आहेत याची यादी इस्पितळात आधीपासून हवी.

किल्लारी, १९९३ : ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे मेली. लातूर, उमरगा, सोलापूर येथील इस्पितळांकडे जखमींची रीघ लागली. बहुतेकांना हाडे मोडल्याच्या, चेंगरल्याच्या जखमा होत्या. अशा दिवशी औषधांपेक्षा आधी लागतात ती साधी साधने : हाडाला आधार द्यायच्या फळ्या, पट्ट्या, सलाइन, स्ट्रेचर आणि माणसांचे हात.

भुज, २००१ : २६ जानेवारीच्या सकाळच्या भूकंपात भुजचे सरकारी इस्पितळच कोसळले. जिथे जखमींना न्यायचे तेच ठिकाण नाहीसे झाले आणि उपचार मोकळ्या मैदानात करावे लागले. पुढे तेथे नवे इस्पितळ बांधताना इमारत आणि पाया यांच्या मध्ये रबर व शिशाच्या खास बैठका बसविल्या. जमीन हादरली तरी इमारतीला धक्का कमी बसावा ही त्यामागची योजना. प्रत्येकाला असे बांधकाम परवडणार नाही. पण औषधांची कपाटे भिंतीला आवळणे, सिलिंडर साखळीने बांधणे आणि खाटेच्या वरच्या फळीवर जड वस्तू न ठेवणे हे सर्वांना जमण्यासारखे आहे.

भंडारा व नाशिक, २०२१ : ९ जानेवारीच्या रात्री भंडारा येथील जिल्हा इस्पितळाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा अर्भके दगावली. त्याच वर्षी २१ एप्रिलला, कोरोनाची लाट ऐन भरात असताना, नाशिक येथील महापालिकेच्या इस्पितळात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, नळीतला दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण मरण पावले. भिंतीतून प्राणवायू येतो म्हणून निर्धास्त राहू नये, हा याचा धडा. प्रत्येक वॉर्डात जोडणीसह भरलेले सिलिंडर उभे हवेत आणि नळीतला दाब पडला की कोणी, कोणत्या खाटेपासून सुरुवात करायची हे ठरलेले हवे.

३. जीव वाचविणारी साधने कशी तपासावीत?

प्राणवायू : आपल्याकडे प्राणवायूचा सिलिंडर अंगाने काळा व खांद्याला पांढरा असतो. किल्ली सुतळीने किंवा साखळीने सिलिंडरलाच बांधून ठेवावी. खिशात, टेबलाच्या खणात किंवा कोठीत नव्हे. रेग्युलेटर, पाण्याची बाटली, नळी व मास्क जोडलेले असावेत. भरलेला, वापरातला आणि रिकामा अशा तीन पाट्या कराव्यात व त्या सिलिंडरच्या गळ्यात अडकवाव्यात. रिकामा सिलिंडर भरलेल्यांच्या रांगेत उभा करणे म्हणजे भरलेल्या बंदुकांत एक रिकामी बंदूक ठेवणे. प्राणवायूच्या तोटीला तेल, ग्रीस किंवा मलमाचा हात कधीही लावू नये. दाबाखालच्या प्राणवायूत तेलाचा भडका उडतो.

सिलिंडर किती वेळ पुरेल याचा हिशेब सोपा आहे. सिलिंडरचे पाण्याचे माप लिटरमध्ये घ्या, त्याला काट्यावरच्या दाबाने गुणा, आणि मिनिटाला जितके लिटर वायू द्यायचा आहे त्याने भागा. उत्तर मिनिटांत येते. लहान सिलिंडरचे माप साधारण १० लिटर असते. काटा ६० दाखवीत असेल तर १० गुणिले ६० म्हणजे ६०० लिटर वायू शिल्लक आहे. मिनिटाला ६ लिटर दिला तर तो १०० मिनिटे, म्हणजे पावणेदोन तासही पुरणार नाही. तालुक्याचे इस्पितळ दोन तासांवर असेल, तर या सिलिंडरच्या भरवशावर रुग्णाला गाडीत घालू नये. हा हिशेब मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावा. घाईत भागाकार कोणालाच जमत नाही.

हवेतून प्राणवायू वेगळा काढणारी कॉन्सन्ट्रेटर यंत्रे कोरोनानंतर पुष्कळ ठिकाणी आली आहेत. ती उपयोगी आहेत, पण वीज गेली की थांबतात आणि जाळी धूळ धरून बसली की दमतात. जाळी आठवड्याला धुवावी आणि यंत्राशेजारी सिलिंडर उभा ठेवावाच.

अंबू बॅग : हाताने दाबून श्वास देण्याची ही रबरी पिशवी. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वास थांबलेले रुग्ण शेकडो आणि यंत्रे मोजकी. तेव्हा सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस रुग्णांशेजारी बसून हाताने पिशवी दाबली आणि कित्येकांचे प्राण वाचविले. आपोआप फुगणारी अंबू बॅग त्यानंतर काही वर्षांनी, १९५६मध्ये, त्याच देशात आली. व्हेंटिलेटर बंद पडला तर आजही तिचाच आधार. तपासणी अशी : तोंडाला तळहात घट्ट लावून पिशवी दाबा, ती दबता कामा नये. हात काढून दाबा व सोडा. ती लगेच फुगली पाहिजे. मोठ्या माणसाची, मुलाची आणि नवजात अर्भकाची अशा तीन मापांच्या पिशव्या त्यांच्या मास्कसह हव्यात. मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांतून एकदा दाबणे पुरे; घाबरून भराभर दाबल्याने अपाय होतो.

सक्शन यंत्र : घशातले रक्त व कफ ओढून काढणारे हे यंत्र सुरू करून नळीचे टोक बोटाने बंद करा, काटा झपाट्याने चढला पाहिजे. चढला नाही तर कुठे तरी गळती आहे, बाटलीचे झाकण किंवा नळी पाहा. विजेच्या यंत्राबरोबर पायाने चालणारे एक यंत्र अवश्य ठेवावे. अंधारात तेच कामी येते.

लॅरिंगोस्कोप : घशात पाहून श्वासनळीत नळी घालण्याचे हे साधन. त्याचा दिवा रोज लावून पाहावा. जुन्या बॅटऱ्या आतल्या आत पाझरून मूठ गंजवतात. म्हणून त्या वेळेवर बदलाव्यात आणि एक जोडी व एक बल्ब शेजारी ठेवावा.

डिफिब्रिलेटर : हृदयाला झटका देऊन ठोके मार्गावर आणणारे हे यंत्र सतत विजेला जोडलेले असावे, नाही तर त्याची बॅटरी उतरते. रोज त्याची स्वतःची चाचणी करून कागदावर नोंद ठेवावी. चिकटवायच्या पॅडवर मुदतीची तारीख असते, ती पाहावी.

आणीबाणीची ट्रॉली : वरच्या खणात श्वासाची साधने, मधल्यात औषधे, खालच्यात सलाइन व सुया, अशी मांडणी कायम एकच ठेवावी. डोळे मिटून हात घातला तरी अॅड्रेनॅलिन सापडले पाहिजे. ट्रॉली तपासून झाली की तिला क्रमांकाचे प्लास्टिकचे सील लावावे. सील शाबूत असेल तर ट्रॉली भरलेली. तुटले असेल तर लगेच मोजून भरावी. 'थोडा कापूस उसना घेतला' ही सवय ट्रॉलीला रिकामी करते. ज्याची मुदत आधी संपते ते औषध पुढे आणि नवीन मागे ठेवावे, जसे आपण जुने धान्य आधी खातो.

४. शेतकरी भागातील इस्पितळाला जास्तीचे काय हवे?

आपल्या भागात दोन आणीबाण्या विशेष : सर्पदंश आणि फवारणीच्या औषधाची विषबाधा. पूर आला की बिळांत पाणी शिरते, साप घरांत येतात आणि दंश वाढतात. आपल्याकडील सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालते. विष चढलेल्या एका रुग्णाला सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या लागतात. म्हणजे कपाटात पाच कुप्या असणे हे साठा असणे नव्हे. पूड स्वरूपातली लस थंड, कोरड्या जागी राहते. द्रवरूप लस मात्र २ ते ८ अंशांवरच ठेवावी लागते. वीज जाणाऱ्या गावाने कोणती मागवावी हे यावरून समजावे.

घोणस व फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. ते पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. नवी, कोरडी, स्वच्छ काचेची नळी घ्या, तीत थोडे रक्त घ्या आणि वीस मिनिटे न हलविता उभी ठेवा. मग ती तिरपी करा. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष चढले आहे. साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची नळी वापरली तर निकाल चुकतो. अशा दहा-बारा नव्या काचेच्या नळ्या जवळ ठेवायला कितीसा खर्च येतो?

फवारणीच्या सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधांनी विषबाधा झाली तर अॅट्रोपिन लागते. ते थोड्या थोड्या वेळाने, मात्रा वाढवीत द्यावे लागते; एका गंभीर रुग्णाला पहिल्याच तासात पन्नासाहून अधिक अँप्यूल लागू शकतात. फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी हा साठा मोजावा. आणि वाचकहो, हे आपल्यासाठी : विषबाधा झालेल्या माणसाबरोबर त्या औषधाचा डबा किंवा बाटली इस्पितळात न्यायला विसरू नका. भोपाळच्या डॉक्टरांना त्या रात्री जी माहिती हवी होती, ती तुमच्या हातात डब्यावर छापलेली असते.

५. वीज, पाणी आणि आग

जनरेटर आठवड्यातून एकदा सुरू करून पाहावा आणि महिन्यातून एकदा इस्पितळाचा खरा भार टाकून निदान अर्धा तास चालवावा. रिकामा जनरेटर घरघरला म्हणजे काम झाले असे नाही. गोठ्यात उभा असलेला बैल नांगराला चालेलच असे कोण म्हणेल? जनरेटर सुरू न होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे त्याची स्वतःची उतरलेली बॅटरी. डिझेलही पडून पडून खराब होते. जुने आधी वापरून नवे भरावे.

जनरेटर कुठे ठेवला आहे हेही पाहावे. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळाच्या वेळी न्यू यॉर्कच्या मोठमोठ्या इस्पितळांत तळघरात पाणी शिरले, वीजव्यवस्था बंद पडली आणि शेकडो रुग्णांना जिन्यांवरून उतरवून हलवावे लागले. त्यांत नवजात बालकेही होती. नर्सनी त्या बाळांना हाताने श्वास देत खाली नेले. श्रीमंत देशाचे हे, तर नदीकाठच्या आपल्या इस्पितळाचे काय? २०१९ साली कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूर वेढले आणि बेळगाव जिल्ह्यातही नद्या पात्राबाहेर आल्या. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्याच्या वस्त्यांत घुसले. जनरेटर, औषधांची कोठी आणि लसीचा फ्रीज जुन्या पुराच्या खुणेच्या वर असावा. ती खूण गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावी. त्यांना ती ठाऊक असते.

पाण्याचा हिशेब असा : दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णामागे दिवसाला ४० ते ६० लिटर आणि एका शस्त्रक्रियेला सुमारे १०० लिटर. वीस खाटांच्या इस्पितळाला खाटांसाठीच दिवसाला एक हजार लिटर लागतात. तीन दिवसांची तयारी म्हणजे तीन हजार लिटर. टाकीवर हा आकडा रंगवून ठेवावा. ब्लीचिंग पावडर उघडी राहिली की तिचा जोर जातो. डबा घट्ट बंद ठेवावा.

आग विझविण्याची साधने दर महिन्याला पाहावीत. पावडरच्या नळकांड्याला काटा असतो. तो हिरव्या भागात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला काटा नसतो, त्याचे वजन करावे लागते. आतल्या वायूचे वजन दहा टक्क्यांनी घटले की पुन्हा भरून घ्यावे. विजेच्या आगीवर पाणी मारू नये. आग लागताच त्या खोलीचा प्राणवायू बंद करावा, कारण प्राणवायूने ती भडकते. पण कोणाचा श्वास त्यावर चालला आहे हे पाहून, त्याला अंबू बॅगवर घेऊनच. मागच्या दाराला रात्री बाहेरून कुलूप लावणे हा सर्वांत मोठा अपराध समजावा.

६. जखमींची निवड

अनेक जखमी आले की 'जो आधी आला त्याला आधी' हा नियम सोडावा लागतो. नेहमीचा अनुभव असा, की ज्यांना कमी लागले आहे तेच स्वतःच्या पायांनी किंवा मिळेल त्या वाहनाने आधी पोहोचतात आणि खाटा अडवून बसतात. खरे गंभीर मागाहून येतात. म्हणून दारातच एका अनुभवी माणसाने उभे राहून प्रत्येकाच्या हाताला रंगाची चिठ्ठी बांधावी.

मोठ्या माणसांसाठी १९८३ साली कॅलिफोर्नियात तयार झालेली एक सोपी रीत जगभर वापरतात. जो उठून चालू शकतो त्याला हिरवी चिठ्ठी. जो चालू शकत नाही त्याचा श्वास पाहा. श्वास नसेल तर मान व हनुवटी सरळ करून श्वासाची वाट मोकळी करा. तरीही श्वास आला नाही तर काळी चिठ्ठी, आला तर लाल. श्वास मिनिटाला तीसहून जास्त असेल तर लाल. मनगटाची नाडी लागत नसेल तर लाल. 'माझा हात दाब' असे सांगितलेले त्याला कळत नसेल तर लाल. या सर्वांतून सुटला तो पिवळा. एकेका माणसाला अर्धे मिनिट पुरे. वाहणारे रक्त दिसले तर तिथेच घट्ट दाब द्यावा. चिठ्ठी कायमची नसते; अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे, पिवळा लाल होऊ शकतो.

मोठ्याने ओरडणारा माणूस बहुधा हिरवा किंवा पिवळा असतो. ओरडायलाही श्वास लागतो. कोपऱ्यात गप्प पडलेला लाल असू शकतो. आणि काळी चिठ्ठी बांधणे हे सर्वांत कठीण काम आहे. त्या माणसाला टाकून दिले असा तिचा अर्थ नाही. दोन हातांनी वाचू शकणाऱ्यांना आधी वाचवायचे, एवढाच तिचा अर्थ. अशांना वेगळ्या शांत जागी ठेवावे, त्यांच्याजवळ कोणी तरी बसावे आणि हात मोकळे होताच त्यांना पुन्हा पाहावे.

७. माणसांची तयारी

उत्तम साधन अजाण हातात निरुपयोगी. प्रत्येक इस्पितळात एक पानाची योजना भिंतीवर असावी : हुकूम कोण देणार, दारात कोण उभे राहणार, घरी गेलेल्यांना कोण बोलावणार, नातेवाइकांना माहिती कोण देणार. फोन नंबर कागदावर हवेत. मोबाइल बंद पडला की त्यातले नंबर त्याच्याबरोबर जातात. योजनेत नावांऐवजी पदे लिहावीत, कारण माणसे बदलतात.

वर्षातून निदान दोनदा सराव करावा आणि त्यांतला एक रात्री करावा. सरावात चुका सापडल्या तर लाजू नये. चुका सापडाव्यात म्हणूनच सराव असतो. एक साधा सराव आजच करता येईल : न सांगता दिवा मालवा आणि म्हणा, 'सिलिंडर उघडून दाखवा.' घड्याळ लावा. एक मिनिटापेक्षा जास्त लागले तर तुम्हाला कामाची यादी मिळाली.

८. गावकऱ्यांनी काय करावे?

इस्पितळ सज्ज ठेवणे हे केवळ डॉक्टरांचे काम नाही. गावाने पुढील गोष्टी कराव्यात.

रक्तगटांची यादी : कोणाचा कोणता गट, फोन कोणता, हे वहीत असावे. पण आपत्तीच्या दिवशी सर्वांनी रक्तपेढीत गर्दी करू नये. साठविलेले रक्त ३५ ते ४२ दिवसच टिकते, आणि एकदा रक्त दिले की पुरुषाला तीन व स्त्रीला चार महिने थांबावे लागते. सर्वांनी एकाच दिवशी दिले तर महिन्याने पुन्हा टंचाई. पेढी बोलावील तसे पाळीने जावे.

स्ट्रेचर : दोन मजबूत बांबू आणि तळाचे कोपरे कापलेली दोन गोणपाटे, एवढ्यात स्ट्रेचर होते. पाठीला मार लागला असेल तर दाराची फळी बरी. जखमीला बखोटीला धरून, मुरगळून रिक्षात कोंबू नये.

जागा : शाळेच्या खोल्या किंवा चर्चचा हॉल हिरव्या चिठ्ठीच्या माणसांसाठी आधीच ठरवून ठेवावा. इस्पितळाचे दार मोकळे राहिले तर लाल चिठ्ठीचा माणूस आत जाऊ शकेल.

वाहन : रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक मुलांनाही पाठ हवेत. १०८ची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली आणि पुढे गोवा, कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र अशी पसरली. फोनवर आधी ठिकाण सांगावे, मग काय झाले ते, मग किती जण. रात्री एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करावा.

९. तपासणीचे वेळापत्रक

रोज : सिलिंडरचा दाब व किल्ली, अंबू बॅग, सक्शन, लॅरिंगोस्कोपचा दिवा, डिफिब्रिलेटरची चाचणी, ट्रॉलीचे सील.
दर आठवड्याला : जनरेटर सुरू करणे, बॅटऱ्या व टॉर्च, कॉन्सन्ट्रेटरची जाळी.
दर महिन्याला : भारासह जनरेटर, औषधांच्या मुदती, लस व अॅट्रोपिनचा साठा, आगीची नळकांडी, फोनची यादी.
दर सहा महिन्यांनी : पूर्ण सराव, कपाटे व सिलिंडरांच्या साखळ्या, टाकी धुणे, स्ट्रेचर मोजणे.

प्रत्येक तपासणीपुढे सही हवी. 'कोणी तरी पाहिले असेल' या समजुतीने जितकी साधने निकामी झाली, तितकी गंजाने झाली नसतील.

विचार करा व करून पाहा

१) आपल्या इस्पितळाचा सिलिंडर १० लिटर मापाचा आहे, काटा ९० दाखवतो आणि रुग्णाला मिनिटाला ५ लिटर द्यायचे आहेत. तो किती वेळ पुरेल? (उत्तर : १८० मिनिटे, म्हणजे तीन तास.)
२) आपल्या गावापासून पाच मैलांच्या आत कोणती रसायने साठविली जातात? यादी करा आणि दवाखान्यात द्या.
३) गेल्या मोठ्या पुराची खूण कुठे आहे? आपल्या दवाखान्याचा जनरेटर तिच्या वर आहे की खाली?
४) एक माणूस ओरडतो आहे, दुसरा चालतो आहे, तिसरा गप्प पडून धापा टाकतो आहे. आधी कोणाकडे जाल, आणि का?
५) दवाखान्यात पुढच्या वेळी जाल तेव्हा नम्रपणे विचारा : 'सिस्टर, सिलिंडरची किल्ली कुठे आहे?'

त्यांनी जागचे न हलता बोट दाखवून 'ही काय, इथेच बांधली आहे' असे म्हटले, तर समजा की त्या इस्पितळाची मृगाआधीची कामे उरकलेली आहेत.